औंढ्याची माती, बसऱ्याचा नळ

माझ्या दाजींचा, म्हणजे आक्काच्या नवऱ्याचा, नळावर काडीचा विश्वास नव्हता. ते रेल्वेत गँगमन होते. लोणावळ्यापासून खंडाळ्यापर्यंतची लाईन रोज त्यांच्या पायाखालून जायची आणि लोणावळ्याच्या फलाटावरचा नळ रोज त्यांच्या डोळ्यांसमोर यायचा. पण वैशाखात जीभ टाळूला चिकटली तरी त्यांनी त्या नळाखाली कधी ओंजळ धरली नाही. आपल्या गावाहून, औंढ्याहून निघताना वाळल्या भोपळ्याचा तुंबा भरून घ्यायचे आणि दिवसभर घोट घोट पुरवायचे. तुंबा संपला तर तसेच तहानलेले घरी जायचे.

"विहिरीला मालक असतो, झऱ्याला देव असतो," ते म्हणायचे. "ह्या नळाला कोन हाय? तोटी पिळली का आलं! कुटनं आलं, कुनी सोडलं, काय पत्त्या न्हाई. बेवारशी पानी ते. त्यात आतनं चामड्याची चकती बसवत्यात म्हनं."

चकती असते, हे खरंच होतं. मीच त्यांना सांगितलं होतं, आणि सांगून पस्तावलो होतो.

मी जवळच्याच भाजे गावचा. लोणावळ्याच्या इंजिन शेडमध्ये बॉयलर धुणाऱ्या टोळीत कामाला होतो. घाट चढवणारी इंजिनं आमच्याकडे यायची. त्यांच्या पोटातला गाळ उपसायचा, नळ्यांना आतून धरलेला चुन्याचा पापुद्रा खरवडायचा, भट्टीतली विटांची कमान ढासळली असेल तर नवी बांधायची, हे आमचं काम. माझं पोटच पाण्यावर चालायचं म्हणा ना! त्यामुळं पाण्यातलं मला कळतं अशी माझी समजूत होती, आणि मी जन्माचा तापट. दाजी नळाला नावं ठेवायला लागले की माझ्या नाकाला मिरची झोंबायची.

"अहो दाजी, इंजिनाला चालतं ते पाणी तुम्हाला चालत नाही?"

"इंजिन काय, कोळसाबी खातंय," दाजी शांतपणे म्हणायचे. "मी खाऊ का?"

आणि खरं सांगायचं तर औंढ्याचा त्यांचा झरा होताच तसा. शिवाराच्या कडेला उंबर, उंबराच्या मुळांतून पाण्याची बोटभर धार, खाली दगडी कुंडी. चैत्रातही ती धार आटायची नाही. ते पाणी प्यायलेला माणूस नळाला बोटं मोडणारच.

जर्मनच्या पहिल्या लढाईत सरकारला समुद्रापलीकडं बसऱ्याला रेल्वे टाकायची होती. शेडमधून माणसं मागितली. मी बिनलग्नाचा, अंगात रग होती, आगबोट बघायची हौस होती. नाव देऊन मोकळा झालो. आठ दिवसांनी कळलं की लायनीवरच्या माणसांतून दाजींनीही नाव दिलंय. "पावनं एकटंच चाललंय, तितं त्याचं टाळकं कोन ठिकानावर ठिवनार?" एवढंच त्यांनी घरी सांगितलं.

आक्का माझ्यावर अशी काही तापली! "तुझ्यापायी चाललंय हे खुळं," ती म्हणाली. "तू नेतूयास, तूच परत आन. मला दुसरं काय बी नगं. ह्यो मानूस जसाच्या तसा हितं उंबऱ्याशी आनून हुबा कर." मी तिच्या पायाला हात लावून हो म्हटलं. तिला तोवर मूलबाळ नव्हतं. सगळा संसार म्हणजे ती आणि दाजी.

निघायच्या आदल्या दिवशी आक्का झऱ्यावर गेली. उंबराच्या मुळाशी हात घालून तिनं ओली माती काढली, लाडवाएवढे गोळे वळले, उन्हात वाळवले आणि आपल्या निळ्या लुगड्याचा पदर फाडून त्यात बांधून दिले. आमच्याकडं ही जुनी रीत. परमुलखातलं पाणी माणसाला लागतं, म्हणजे बाधतं; ताप येतो, पोट फुगतं. मग त्या पाण्यात आपल्या पाणवठ्याची चिमूटभर माती टाकायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा आणि प्यायचं. परकं पाणी मग आपलं होतं. मुंबईला गिरणीत जाणारेसुद्धा अशी पुरचुंडी घेऊन जायचे.

मी हसलो. "आक्का, मी बॉयलर धुतो. पाण्यातनं गाळ काढायचा असतो, घालायचा नसतो."

"तुझ्या इंजिनाला बायकू न्हाई," आक्का म्हणाली. "ह्याला हाय."

आगबोटीवर मला पहिला धक्का बसला. चार दिशांना पाणी आणि थेंबभर पिण्याजोगं नाही, हे पहिल्या दिवशी कळलं. एवढ्या माणसांना हे बोटवाले प्यायला काय देणार? मग इंजिनघरातल्या एका कोकणी खलाशाशी ओळख काढली. त्यानं मला खाली नेलं आणि एक यंत्र दाखवलं. एका बाजूनं समुद्राचं पाणी आत येतं, त्याची वाफ होते, वाफ थंड नळ्यांवरून फिरते, आणि दुसऱ्या बाजूनं थेंब थेंब गोडं पाणी. मीठ सगळं मागं! जन्मभर वाफेशी झटापट केलेला मी, पण वाफ समुद्राला असा गाळून घेते हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. त्यानं पेल्यात धरून दिलं. मी प्यायलो. चव अशी काहीच नव्हती, पण मीठही नव्हतं. मी त्या यंत्राला हात जोडले. खलाशी हसला, हसू दे.

दाजी बोटीवर मुकाट्यानं तेच पाणी प्यायले, पण चिमूट टाकून. तिथं दुसरा इलाजच नव्हता.

बसऱ्याला इलाज होता, आणि तोच नडला. तिथं एक अफाट नदी वाहते. आपली इंद्रायणी पुरात असते ना, तशी ती बारा महिने. काठानं खजुरीची बनं, आणि बनं संपली की नुसता फुफाटा. त्या फुफाट्यात आमची छावणी, आणि छावणीत नळ! नदीचंच पाणी पंपानं उपसायचं, मोठमोठ्या टाक्यांत निवळू द्यायचं, त्यात पांढऱ्या पुडीचं औषध मारायचं आणि लोखंडी नळ्यांतून तंबूंच्या रांगांपर्यंत आणून सोडायचं. भर दुपारी डोळे उघडवत नाहीत अशा धुळीत मी पहिल्यांदा ती तोटी फिरवली आणि पाणी आलं. चांगलं खळखळून आलं. हजारो माणसं, कुठली कुठली, कुणाची भाषा कुणाला कळत नाही, आणि कुणीतरी न दिसणारा माणूस त्या सगळ्यांसाठी पाण्यावर पहारा देत बसलाय. मी तोटी बंद करायचंच विसरलो. मागच्यानं शिवी हासडली तेव्हा भानावर आलो.

छावणीत दवंडी होती : नळाचं तेवढं प्या, नदीचं पिऊ नका. नळाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास यायचा, हे खरं. दाजींनी पहिला घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"दवाखाना पितोय का पानी?"

"दाजी, त्यानं रोग मरतात."

"आनि मानूस?" ते म्हणाले, आणि तुंबा घेऊन नदीकडं चालू लागले. बसऱ्यापर्यंत त्यांनी तो तुंबा आणला होता! नदीचं पाणी भरायचं, त्यात औंढ्याची चिमूट टाकायची आणि प्यायचं. "वाहत्या पान्याला दोष न्हाई," हे त्यांचं शेवटचं. मी ओरडलो, आदळआपट केली, दोन दिवस बोललो नाही. ढिम्म! आपल्याकडं डोंगरातून येणारं वाहतं पाणी म्हणजे निर्मळ, हे शहाणपण खोटं नव्हतं. पण डोंगराखालच्या ओढ्याचं शहाणपण त्यांनी त्या नदीला लावलं होतं, आणि त्या नदीत वरच्या अंगाला किती छावण्या, किती नावा, किती मेलेली जनावरं, याचा हिशेब कुणाकडं नव्हता.

मग पटकी आली. दाजींच्या टोळीत साताऱ्याकडचा एक गडी होता, दांडगा, रुळाखालचा स्लीपर एकटा उचलायचा. दाजींचा नदीवरचा सोबती. सकाळी तो आमच्यासमोर भाकरी खाऊन कामाला गेला. दुपारी जुलाब-वांत्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो नव्हता. चोवीस तास पुरले नाहीत हो! मी त्याला पाहिलं तेव्हा तो अर्धा झाला होता, डोळे आत, बोटांच्या टोकांना सुरकुत्या. मला तिथं साताऱ्याचा गडी दिसेना, दाजी दिसायला लागले. आणि आक्काचा उंबरा.

पंपाच्या बॉयलरचं काम माझ्याकडं होतं, त्यामुळं पाण्याच्या खात्यावरचे डॉक्टर मला ओळखायचे. पुण्याकडचे होते, बोलायला मऊ. त्यांच्याकडं जाऊन मी रडकुंडीला आलो. म्हटलं, "साहेब, आमचे दाजी ऐकत नाहीत. काहीतरी दाखवा." त्यांनी मला तंबूत बोलावलं, काचेच्या पट्टीवर नदीच्या पाण्याचा एक थेंब ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं.

मी डोळा लावला आणि तसाच राहिलो. त्या एका थेंबात बाजार भरला होता. काही गोल, काही लांबोडकी, एकमेकांना ढुशा देत इकडून तिकडं पळतायत, एक थांबून दुसऱ्याला गिळतंय. आजवर मी पाणी म्हणून जे प्यायलो, ज्यानं अंघोळ केली, ज्याच्यानं बॉयलर भरले, त्यात ही एवढी वस्ती!

"यातलं कुठलं मारतं?" मी विचारलं.

"यातलं एकही नाही," डॉक्टर म्हणाले. "ही बिचारी निरुपद्रवी. मारणारं याहून कितीतरी बारीक असतं. ते बघायला वेगळी तयारी लागते."

म्हणजे ह्याच्याही खाली आणखी एक मुलूख आहे! काय एकेक करून ठेवलंय देवानं, आणि काय माणसानं ते हुडकून काढलंय. त्यांनी मग नळाच्या पाण्याचा थेंब दाखवला. स्वच्छ. चिटपाखरू नाही.

मी धावत जाऊन दाजींना आणलं. आता कुठं जातात, म्हटलं. दाजींनी पटका सावरून आधी नदीचा थेंब पाहिला, पुष्कळ वेळ पाहिला. मग नळाचा पाहिला. मग सरळ उभे राहिले आणि डॉक्टरांना नमस्कार करून म्हणाले, "लय उपकार झालं सायेब. मी म्हनत व्हतो तेच निगालं. नदीचं पानी जितं हाय. नळाचं मेलंय."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! आता हेही आपल्याकडचंच शहाणपण. विहिरीत मासा-कासव जगतंय तोवर पाणी चांगलं. ज्या पाण्यात जीव नाही ते बैलालाही पाजू नये. दाजींनी स्वतःच्या डोळ्यांनी जीव पाहिले होते.

तंबूत परत आलो तेव्हा माझा सगळा ताठा गळाला होता. शास्त्र हरलं, आरडाओरडा हरला. उशाशी आक्काची निळी पुरचुंडी पडली होती. ज्या मातीला मी हसलो होतो तीच मी उचलली.

"दाजी," मी म्हटलं, "नळाचं पाणी मेलंय हे कबूल. पण आक्कानं माती दिलीय ती कशाला? परकं पाणी आपलं होतं ना तिनं? मग मेलेलं जितं नाही होणार? का आक्काच्या हातावर तुमचा तेवढाही भरवसा नाही?"

बायकोच्या हाताचा मुद्दा निघाला की दाजी नेहमीच नमायचे. त्यांनी मडकं माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाले, "टाक बरं चिमूट. बघू."

मी मडक्यात नळाचं पाणी भरलं, भरपूर माती टाकली, ढवळलं, निवळू दिलं. मातीनं औषधाचा वास जरा दबला. दाजींनी घोट घेतला, डोळे मिटले. "उंबराचा वास येतोय," ते म्हणाले. मी तोंड फिरवलं. मला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांत पाणीही.

त्या दिवसापासून तुंबा खुंटीला लागला. पुरचुंडी मी माझ्या ताब्यात घेतली आणि रोज सकाळी मडकं मीच भरायचो. छावणीत माणसं पडत होती, दाजी धडधाकट होते. मला वाटलं, जिंकलो.

पण माती ती किती पुरणार? दोन महिन्यांत गोळे संपत आले. मी चिमूट अर्धी केली, मग पाव केली. शेवटच्या दिवशी फडकं झटकलं, आणि उद्या काय हा विचार करून माझी झोप उडाली. माती संपली असं सांगितलं असतं तर दाजींनी दुसऱ्याच मिनिटाला तुंबा खुंटीवरून काढला असता. तिथली माती उचलून टाकावी तर ती छावणीची माती, त्यातही काय काय असेल. डॉक्टरांचा तो थेंब बघितल्यापासून मला सगळीकडं वळवळच दिसायची.

दुसऱ्या दिवशी बसऱ्याच्या शेडमध्ये एका इंजिनाच्या भट्टीतली कमान पाडत होतो. विटेचा तुकडा हातात आला आणि मी थबकलो. ज्या आगीत लोखंड लाल होतं त्या आगीत ही वीट महिनोन् महिने भाजली गेलीय. हिच्यात कुठला जीव राहणार? मी तुकडा घरी, म्हणजे तंबूत आणला, हातोड्यानं कुटला, फडक्यानं चाळला आणि आक्काच्या निळ्या पुरचुंडीत भरला.

दाजींनी मडक्यात डोकावलं. "आज माती फिक्की का रं?"

"गोळ्याचा गाभा लागलाय आता," मी म्हटलं. जीभ कशी वळली देव जाणे.

त्यांनी घोट घेतला. "व्हय," ते म्हणाले, "गाभ्याला चव जास्त असती."

अशी वर्षभर मी त्यांना वीट पाजली. पटकी आली आणि गेली, पुन्हा आली. दाजींना साधं पोट दुखलं नाही. मायदेशी परतलो तेव्हा आक्का औंढ्याच्या उंबऱ्यात उभी होती. मी दाजींना नेऊन तिच्यासमोर उभं केलं आणि म्हटलं, "घे. जसाच्या तसा." तिनं माझ्या डोक्यावरून बोटं फिरवून कानशिलावर कडाकडा मोडली आणि आत गेली. पुढच्या सालात तिला मुलगा झाला.

आता खरं सांगून टाकायचं की नाही? पण आल्याबरोबर दाजींनी देवळाच्या पारावर बसून सुरुवात केली. "आमच्या तंबूच्या चारी अंगाला मानसं मरत व्हती. मला काय झालं? काय बी न्हाई! का? तर हिनं दिल्याली माती." आक्का आतून ऐकायची आणि तिचा चेहरा असा फुलायचा की माझी जीभ उचलायची नाही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता वीस-बावीस वर्षं गेली. औंढ्याचा उंबर प्रसिद्ध झाला. परगावी निघालेला माणूस आधी आक्काकडून गोळा घेऊन जायचा. मी बघायचो आणि स्वतःशीच म्हणायचो, जाऊ दे, कुणाचं काय बिघडतंय.

मग दुसरी लढाई आली आणि आक्काचा तोच मुलगा, माझा भाचा, मोटार चालवायला म्हणून पलटणीत भरती झाला. मिसर देशाला जायचा हुकूम आला. निघायच्या आधी चार दिवसांची रजा होती. मी भेटायला औंढ्याला गेलो. अंगणात आक्का गोळे वाळवत होती. भाचा बाजेवर बसला होता आणि दाजी त्याला समजावून सांगत होते.

"पान्याचं काय भ्या न्हाई. नदीचं असू दे, कालव्याचं असू दे, डबक्याचं का असंना. चिमूट टाकायची आनि पेयचं. मी पेलोय. बघ, जित्ता हाय."

डबक्याचं का असेना! साताऱ्याच्या गड्याची ती सुरकुतलेली बोटं डोळ्यांपुढं आली. एका माणसाला वाचवायला सांगितलेली थाप आता त्याच्याच पोराला खायला निघाली होती, आणि ती थाप मी इतकी वर्षं पोसली होती.

"नाही दाजी," मी म्हटलं. "तुम्ही मातीनं नाही वाचलात. नळानं वाचलात." आणि सगळं सांगितलं. शेवटचा गोळा, फडकं, इंजिनाची भट्टी, हातोडा. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोललोच नसतो, म्हणून एका दमात सांगितलं.

आक्काच्या हातातला गोळा तसाच राहिला. दाजी मात्र हसले. "खोटं बोलतूस. पोराला भ्या घालायला बोलतूस. आरं, चव मला ठावं हाय."

मी उठलो, भाज्याला गेलो. हत्यारांच्या पेटीच्या तळाशी त्या विटेचा उरलेला तुकडा होता. का ठेवला होता ते विचारू नका. टाकवला नव्हता एवढंच. दुसऱ्या दिवशी तो नेऊन दाजींच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. आक्काकडून बत्ता मागून घेतला, कोपरा फोडला, पूड केली, तांब्यात टाकली, ढवळली. मग गाळ खाली बसू दिला. दाजींनी घोट घेतला आणि डोळे मिटले.

"हीच," ते म्हणाले.

मग तांब्या खाली ठेवला, विटेचा तुकडा उचलला आणि घरात निघून गेले. आक्का माझ्याकडं बघत म्हणाली, "एवढी वर्सं गावाला माती वाटली रं मी." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी चहासुद्धा न घेता निघालो. माझ्याच बहिणीच्या तोंडचं पाणी मी पळवलं, असं वाटत होतं. पण भाचा वाटेपर्यंत मागं आला आणि म्हणाला, "मामा, नळाचंच पिईन." मी म्हटलं, "तुझ्या बापाला विचारून पी बाबा. बाप नाही म्हणाला तर तिकडं तुझ्या घशाखाली उतरायचं नाही." मला त्या घरची माणसं ठाऊक होती.

निघायच्या दिवशी मी लोणावळ्याच्या स्टेशनात दूर खांबाला टेकून उभा राहिलो. जवळ जायचा धीर नव्हता. आक्का, भाचा, दाजी आले. दाजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. गाडीची घंटा झाली. भाचा पाया पडायला वाकला, तर दाजींनी त्याचा दंड धरला आणि त्याला सरळ फलाटाच्या टोकाला नेलं. नळापाशी.

ज्या नळासमोरून ते उभी हयात तहानलेले गेले होते, त्याची तोटी त्यांनी फिरवली. पटका बगलेत मारला, वाकले आणि ओंजळ धरली. पोरासमोर, आक्कासमोर, अख्ख्या फलाटासमोर ते घटाघटा प्यायले. चिमूट नाही, काही नाही. मिशांवरून पाणी गळत होतं. माझे पाय कधी चालायला लागले मला कळलं नाही, मी पार त्यांच्याजवळ जाऊन पोहोचलो. आगबोटीवरचं यंत्र पाहिलं, थेंबातला बाजार पाहिला, पण तो म्हातारा त्या नळाखाली वाकलेला पाहून मला जे वाटलं ते दुसऱ्या कशानंही वाटलं नाही.

दाजींनी तोंड पुसलं, बंडीतून निळ्या फडक्यात बांधलेला तो विटेचा तुकडा काढला आणि भाच्याच्या हातात ठेवला.

"ही वीट पान्यात घालायची न्हाई," ते म्हणाले. "नुसती जवळ ठिव. तितं जो नळ आसंल त्याचंच पानी पी, वास आला तरी पी." मग माझ्याकडं मान करून म्हणाले, "ह्या मानसानं मला फसवलं, म्हनून मी परत आलो. मी आलो, म्हनून तू झालास."

गाडी हलली तशी त्यांनी तोटी पुन्हा फिरवली आणि माझा हात धरून नळाखाली ओढला. "पी की पावनं," ते म्हणाले. मी त्यांच्या शेजारी वाकलो, ओंजळ धरली आणि प्यायलो.